जहाजावरच्या बाबाची कंबर

थांबा, मला नीट सांगू द्या, मधे कुणी बोलायचं नाही. आमच्या घरात एक मोठ्ठं खोटं होतं, चांगलं अडीच वर्षं टिकलं, आणि ते फोडलं कुणी माहितेय? अप्पांनी. माझ्या वडिलांनी. ज्यांना दिवसाला दहा शब्द पुरतात त्यांनी. आणि तेही तोंडाने नाही, पेन्सिलीने.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला कापायचं टेबल, मग दोन मशीन, कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायलची जागा, आणि मागे दोन खोल्यांत आम्ही. अप्पा कापतात, वहिनी मशीनवर, आणि मी काज-बटण, हातशिलाई, उसवणं, असली सगळी किरकोळ हमाली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, वहिनीचा नवरा, त्याने मात्र मशीनला कधी पाय लावला नाही. "मी आयुष्यभर एका स्टुलावर बसून नाही काढणार," म्हणायचा, आणि मालाची गाडी चालवायचा. आणि मग दादाची मुलगी. आता आठ वर्षांची आहे. घरात तिला गिरमिट म्हणतात, कारण एकदा प्रश्न लावला की भोक पडेपर्यंत थांबत नाही. आधी तिला आम्ही फौजदार म्हणायचो. पण ते सगळं झालं आणि मग घरात कुणाला फौजदार म्हणवेना, म्हणून गिरमिट.

ते सगळं म्हणजे काय, तर साडेतीन वर्षांपूर्वी एका सकाळी दादाच्या गाडीखाली सायकलवाला आला. कामावर निघालेला माणूस. जागच्या जागी गेला. खटला चालेपर्यंत दादा जामिनावर घरी होता, मग पाच वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात मी गेले नव्हते, दुकान कुणीतरी सांभाळायला हवं होतं. मला घरी एवढंच कळलं की आदल्या रात्री तो थोडी प्यायला होता, पण ती सकाळपर्यंत उतरली होती, आणि गाडी चालवताना डुलकी लागली. उतरली होती, डुलकी लागली. वहिनी हे तिच्या आईला सांगायची, अप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, मी तुम्हालाही असंच सांगितलं होतं, आठवतंय ना?

नेताना दादाने वहिनीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "पोरीला सांगू नका. सुटून आलो की मी सांगेन. तिला हे माझ्याच तोंडून कळू दे." वहिनीने शब्द दिला. पोरगी तेव्हा साडेपाच वर्षांची होती. पाच वर्षं म्हणजे ती साडेदहाची होईपर्यंत गप्प बसायचं. आणि कुणासमोर, तर गिरमिटासमोर!

जहाज माझं. म्हणजे कल्पना माझी. दुसऱ्याच दिवशी सकाळी ही दात घासता घासता म्हणाली, "बाबा कुठंय?" वहिनी एकदम पाठमोरी झाली, अप्पा कापडात तोंड घालून बसले, आणि माझ्यासमोर भिंतीवर कॅलेंडर होतं, रिळांच्या कंपनीचं, त्यावर एक जहाज. म्हटलं, "जहाजावर गेलाय. नोकरी लागली." झालं! नंतर वहिनी मला म्हणाली, "अगं, निदान जमिनीवरचं काहीतरी सांगायचंस, मला जहाजातलं काय कळतंय?" पण तोवर हिचे अकरा प्रश्न झाले होते.

आणि खोटं म्हणजे काय हो, मांजराच्या पिलांसारखं, एकाची सहा होतात. दादाला तिथून पंधरा दिवसांनी एकदा फोन करू देतात, पाच मिनिटं. मग आम्ही सांगितलं, जहाजावरून फोन पाच मिनिटंच लागतो. त्यात हिच्या वाट्याला दोन मिनिटं.

"आज समुद्र कसाय?"

"शांत आहे गं."

"मासे दिसले?"

"दिसले की."

"कसले?"

दादाने समुद्र कधी पाहिलेला नाही. बिचारा जरा थांबायचा आणि म्हणायचा, "लांबट."

तिथं घरचे शर्ट चालतात, पण खिसा नको, कॉलर नको, फिकाच रंग हवा. तर अप्पा दर तीन-चार महिन्यांनी तसा शर्ट आणि पायजमा शिवून भेटीला जाताना घेऊन जायचे. लगेच प्रश्न. "बाबाच्या शर्टाला खिसा का नाही?"

वहिनी म्हणाली, "जहाजावर वारा असतो, खिसा फुगतो."

"मग बाही नाही फुगत?"

वहिनीने मशीन इतक्या जोरात चालवलं की सुई मोडली.

अप्पा तेवढे या सगळ्यात सुटलेले होते, कारण त्यांना कुणी काही विचारायच्या भानगडीत पडत नाही. भेटीला मुख्य तेच जायचे, कधी वहिनी. घरी सांगून जायचे की कापड बघायला चाललो. आणि इथंच घोळ झाला.

आता तुम्हाला अप्पांची वही सांगायला हवी. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. छाती, कंबर, खांदा, बाही, उंची, आणि वर तारीख. गिऱ्हाईक वीस वर्षं येणारं असलं तरी प्रत्येक वेळी नवं माप, नवी तारीख. जुन्या मापावर कात्री चालवायची नाही, हा अप्पांचा एकमेव धर्म. "माणूस बदलतो," म्हणतात, "अंदाजाने कापतो तो खाटीक." आणि त्यांची नजर म्हणजे टेप. समोरून रस्त्याने माणूस गेला तर त्याची बाही सांगतील, आणि अर्ध्या इंचाचाही फरक निघायचा नाही. तर भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघून हा माणूस काय करायचा? माप घ्यायचा. डोळ्यांनी. आणि घरी येऊन वहीत लिहायचा. तारखेसकट! सख्ख्या नातीशी खोटं बोलायला अप्पा तयार झाले, पण वहीत खोटं माप लिहायला त्यांचा हात धजेना.

शाळेला सुट्टी होती. अप्पांनी हिला वहीची नवी पानं आखायला दिली, स्वस्तात गप्प बसवायचा उपाय. ही पट्टी-पेन्सिल घेऊन टेबलाखाली बसली. हिचं अक्षर-अंक शिकणंच त्या वहीत झालंय, शाळेत जायच्या आधी हिला साडेपंधरा वाचता यायचं. मी काज करत होते. खालून आवाज आला, "अप्पा, बाबा आला होता?"

"नाही," अप्पा म्हणाले.

"मग गेल्या महिन्यात बारा तारखेला त्याचं माप कुणी घेतलं?"

अप्पांची कात्री थांबली. कापडाच्या मध्यात! एकदा सुरू केली की ती टोकाशीच थांबते, मधे थांबली तर कापड कुरतडल्यासारखं दिसतं. मी लहानपणापासून बघतेय, पहिल्यांदाच थांबली.

"अंदाजाने लिहिलंय," अप्पा म्हणाले.

"अंदाजाने कापतो तो खाटीक."

बघा! आता यावर माणूस काय बोलणार? तर मी बोलले. मला गप्प बसवतं का कधी. म्हटलं, "अगं, बाबाने फोनवर सांगितलं माप. जहाजावर टेप असते." टेबलाखालून काही आवाज आला नाही. मला वाटलं, जिंकले. मी स्वतःवर इतकी खूश, की बटण उलट्या बाजूने लावलं.

चार दिवसांनी फोन आला. हिची दोन मिनिटं. समुद्र नाही, मासे नाहीत. सरळ विचारलं, "बाबा, तुझी कंबर किती?"

पलीकडे दादाला काय माहीत? म्हणाला, "छत्तीस, नेहमीचीच. का गं?"

"काही नाही," म्हणाली आणि फोन आईला दिला.

आणि मग ती गप्प झाली. प्रश्नच बंद. तुम्हाला वाटेल, बरं झालं. आम्हालाही पहिल्या दिवशी बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला मुद्दाम म्हटलं, "आज कावळे किती काळे आहेत, नाही?" तर "हो" म्हणाली. नुसतं हो! तिसऱ्या दिवशी वहिनी तिच्या कपाळाला हात लावून बघत होती. चौथ्या दिवशी तिने ताटातलं अर्धं जेवण तसंच सोडलं, आणि आमच्या घरात ते चालत नाही, पण वहिनीने ताट तसंच उचललं.

पाचव्या दिवशी दुकानात बँकेतले साहेब ट्रायलला आले होते. जाडेजुडे, भले गृहस्थ, पँटच्या तळाला आणि कंबरेला टाचण्या लावलेल्या, हात वर करून उभे. अप्पा गुडघ्यावर बसून खडूने खुणा करत होते. ही शाळेतून आली, दप्तर ठेवलं, वही काढली, दादाचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. बोटाने एकेक आकडा दाखवत म्हणाली, "छत्तीस. चौतीस. तेहेतीस. एकतीस." मग अप्पांना म्हणाली, "एकतिसानंतर किती राहतात? बाबा मरणारे ना?"

साहेब हात वर करून तसेच.

"तो मला छत्तीस म्हणाला. खोटं बोलला. आजारी माणसं खोटं सांगतात. शाळेतल्या एकीची आजी पण बरी आहे बरी आहे म्हणत होती, आणि मग मेली." ती रडत नव्हती. हिशोब केल्यासारखं सांगत होती. "मला फक्त कधी ते सांगा."

साहेब हळूच म्हणाले, "मी... नंतर येतो." पण जाणार कसे? त्यांची स्वतःची पँट पडद्यामागे, मशीनपाशी आम्ही, आणि पाऊल उचललं की टाचणी टोचते. एक पाऊल टाकलं, "आई गं" केलं आणि तिथंच उभे राहिले बिचारे, तोंड भिंतीकडे करून.

वहिनी उठली. तिने सुईतून दोरा काढला, का कोण जाणे, मशीनवर झाकण घातलं, आणि हिला उचलून कापायच्या टेबलावर बसवलं. त्या टेबलावर बसायची कुणालाच परवानगी नाही. अप्पांनी फक्त कात्री बाजूला सरकवली.

मी म्हटलं, "वहिनी, दादाला शब्द दिलायस तू."

"माहितेय मला," वहिनी म्हणाली. "पोरगी चार दिवस बापाचं सुतक धरून बसलीय घरात. त्यापेक्षा मोडू दे शब्द." आणि हिच्याकडे वळून म्हणाली, "हे बघ. बाबा मरणार नाही. त्याला कसलाही आजार नाही. तिथलं जेवण त्याला गिळवत नाही म्हणून बारीक झालाय. तो जहाजावर नाही. तुरुंगात आहे."

"मरणार नाही?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. अप्पा बघून आलेत. मी बघून आलेय."

आणि ती हसली हो! तुरुंग ऐकून. इतकं मोठं, तोंडभरून हसली आणि मग हसता हसता रडायला लागली, नाक वाहायला लागलं, वहिनीने टेबलावरची चिंधी घेऊन पुसलं. मी पण रडत होते, साहेबांची पाठ हलत होती.

मग सुरू झालं गिरमिट. चार दिवसांचं साठलेलं. काय केलं त्याने? गाडीखाली एक माणूस आला. मग त्याला लागलं की मेला? मेला. मुद्दाम? नाही गं, मुद्दाम नाही, डुलकी लागली. डुलकी का लागली? आदल्या रात्री जागरण झालं होतं. का? मित्रांबरोबर बसला होता, थोडी दारू प्यायला. वहिनी एक शब्द लपवत नव्हती, मी तिच्याकडे बघतच राहिले. मग दारूने झालं? नाही, ती सकाळपर्यंत उतरली होती.

"उतरली होती हे कुणी सांगितलं?"

"बाबानेच."

"आणि त्या माणसाच्या घरी कोण आहे?"

वहिनीने हातातल्या चिंधीची घडी घातली. मग म्हणाली, "बायको. दोन मुली."

"केवढ्या?"

"एक तुझ्याएवढी. एक मोठी."

हिचे हलणारे पाय थांबले. मग म्हणाली, "मला बाबाला भेटायचंय." आणि खाली उतरून साहेबांची पँट पडद्यामागून आणून दिली.

पुढच्या भेटीला वहिनी एकटी गेली आणि दादाला सांगून आली. आल्यावर म्हणाली, वीस मिनिटांची भेट, पण दादा आठव्या मिनिटाला उठून गेला. "मी सांगणार होतो, माझ्यापासून एवढं पण काढून घेतलंस," असं म्हणाला. वहिनीने त्याला विचारलं, मग तोवर पोरीने तुझं मढं मनात घेऊन फिरायचं का? पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा मात्र म्हणाला, "आण तिला."

मी पण गेले. एका वेळी तिघांना सोडतात, म्हणून अप्पा बाहेर फाटकापाशी बाकावर बसले. त्यांनी हिला दोन सफरचंदं दिली होती, ती तिथल्या बाईने काढून ठेवली. आत लांबट खोली, मधे जाळी, जाळीला अलीकडे-पलीकडे फळी, आणि आजूबाजूला सगळे एकदम बोलताहेत, बाजार भरल्यासारखे. दादा आला. एकतीसच होती, मी शपथेवर सांगते. हिने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, अगदी अप्पांसारखं.

दादाने मला विचारलं, अप्पा कसेत, आणि मग उगाच हसून म्हणाला, "त्यांना सांग, मला इथं शिवणखात्यात बसवलंय. वीस वर्षं त्यांनी मागे लागून जमलं नाही ते इथल्या मुकादमाने तीन आठवड्यांत करून दाखवलं. चादरींच्या कडा मारतो." वहिनी हसली. मग तो हिच्याकडे वळला, फळीवर हात ठेवले, आणि सुरुवात केली. कळत होतं की पाठ करून आलाय. "हे बघ बाळा, कधी कधी मोठ्या माणसांच्या हातून सुद्धा एखादी चूक..."

"ते आईने सांगितलंय," ही म्हणाली. "मला दुसरं विचारायचंय."

"विचार."

"तू गाडी सुरू केलीस तेव्हा तुझी दारू उतरली होती?"

मला वाटलं, झालं. तो "हो" म्हणेल आणि विषय संपेल. त्याने तोंड उघडलं पण. मग त्याने वहिनीकडे पाहिलं, मग परत हिच्याकडे. ती जाळीला नाक लावून वाट बघत होती. रागाने नाही, काही नाही, शाळेत बाई उत्तर सांगेपर्यंत मुलं बसतात ना, तशी.

"नव्हती," दादा म्हणाला.

शेजारची बाई तिच्या नवऱ्याला गॅसबद्दल काहीतरी ओरडून सांगत होती, म्हणून मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ही म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"हो. चावी लावताना हात नीट चालत नव्हता. दोनदा खाली पडली. तेव्हा कळलं होतं मला."

"मग थांबला का नाहीस?"

"माल सातला पोचवायचा होता. आणि वाटलं, रोजचाच तर रस्ता आहे."

"आणि डुलकी?"

"डुलकी नाही लागली," दादा म्हणाला. "मी जागा होतो. मला तो दिसला होता. ब्रेक उशिरा दाबला गेला."

हिने मान हलवली. पुढे विचारलं नाही. म्हणाली, "तिथं भाजी काय देतात?" आणि तो सांगायला लागला, दुधी देतात, बटाटे देतात, पाणचट असतं, आणि एकेक करत त्याने सगळ्या वारांच्या भाज्या सांगितल्या. ही म्हणाली, "आवडलं नाही तरी खा. एकतिसाच्या खाली जाऊ नकोस." तो म्हणाला, "बरं."

वेळ संपली, शिपायाने काठी फळीवर आपटली, दादा वहिनीकडे बघत उभा होता, ती बॅगेची चेन लावत होती, उघडत होती, परत लावत होती.

बाहेर आलो. अप्पा उठले, "कसाय?" म्हणाले. वहिनी सरळ पुढे चालायला लागली. सफरचंदं परत मिळाली होती, ती हिने आणि मी बसस्टॉपवर उभ्या उभ्या खाल्ली. तिने मला विचारलं, "आत्या, तुला माहीत होतं, उतरली नव्हती ते?" म्हटलं, "नाही गं. आईची शप्पथ." मग तिने अप्पांना विचारलं. "कोर्टात रक्ततपासणीचा कागद वाचून दाखवला होता," अप्पा म्हणाले. "मी ऐकला होता."

म्हणजे अप्पांना माहीत होतं! आणि वहिनी कोर्टात शेजारीच बसली होती, तिनेही ऐकलंच असणार ना? मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "वकील म्हणाले, तो कागद चुकीचा आहे. यांनी घरी येऊन माझ्या गळ्याची शप्पथ घेतली, उतरली होती म्हणून. मग मी कागदावर विश्वास ठेवू की नवऱ्यावर?"

बस आली. ही खिडकीशी बसली, तिच्याशेजारी अप्पा, पुढच्या बाकावर वहिनी आणि मी. मला गप्प बसवेना, म्हणून म्हटलं, "पुढच्या महिन्यात कोण येणार भेटीला? हिची तर परीक्षा आहे."

"मी येणार," वहिनी म्हणाली. "एकटी. वीसच्या वीस मिनिटं लागतील मला. मलाही विचारायचंय बरंच."